डाव्या कौलाचा अर्थ

८ जानेवारी १९८९, रविवार

झाला एकदाचा वर्ग सुरू. प्रिन्सिपॉलसाहेबांनी कॉलेजातली खोली दिली नाही ते बरंच झालं. "प्रमोदिनीबाई, तर्कशास्त्राला आधीच मुलं मिळत नाहीत, त्यात तुम्ही हे आणखी काय काढलंत?" असं ते म्हणाले तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण रविवारी ठाण्याला जाऊन वॉचमनच्या हातापाया पडण्यापेक्षा डोंबिवलीतलं आपलं घर काय वाईट? भाऊंचा पलंग आतल्या खोलीत सरकवला आणि कॅलेंडरच्या खिळ्याला फळा टांगला. भाऊ म्हणजे माझे वडील. रेल्वेतून रिटायर होऊन जमाना झाला, कानांनी संप पुकारलाय, पण जे ऐकू नये तेवढं त्यांना बरोबर ऐकू येतं.

विषयाचं नाव आकारिक अर्थविचार. नुसतं नाव घेतलं तरी लोक घड्याळाकडे बघतात, म्हणून आज सोपं करून सांगितलं. आपल्याला ठाऊक असलेले शब्द मोजके, पण त्यांची वाक्यं अगणित. जन्मात कधी न ऐकलेलं वाक्य कानावर पडलं तरी ते आपल्याला लगेच कळतं. ते कसं? लहान अर्थांतून मोठा अर्थ बांधायचे काही नियम आपल्या डोक्यात असणार. ते नियम गणितासारखे काटेकोर मांडायचे, बस्स. गेलं वर्षभर मी एका परदेशी पुस्तकाच्या झेरॉक्स पानांशी झटतेय. चाळिशी उलटल्यावर असं प्रेमात पडायला होईल असं वाटलं नव्हतं. पुस्तकाच्या, म्हणजे.

चौघं आले. त्यांतले दोघे पोह्यांसाठी आले होते हे पोहे संपताच कळलं. उरले सुधीर आणि चंद्रभागा. सुधीर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन आहे, बुद्धिबळाचं वेड. चंद्रभागा माझी जुनी विद्यार्थिनी, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. गेल्या वर्षी एम.ए. झाली आणि आता सुधीरच्याच ऑफिसात टाइपिंग करते. अशी बुद्धी दिवसभर कोटेशनं टाइप करते, म्हणजे कपाळाला हात लावायची वेळ.

मी विचारलं, 'खाडीला भरती आहे' या वाक्याचा अर्थ कळला म्हणजे नेमकं काय कळलं? सुधीर म्हणाला, भरती आहे हे कळलं. चंद्रभागेने खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "नाही मॅडम. भरती आहे की नाही ते इथे बसून मला ठाऊक नाही. पण खाडी कशी असली म्हणजे हे वाक्य खरं, ते ठाऊक आहे. कळलं ते एवढंच."

मी खडू धरून उभीच राहिले. एवढी गोष्ट कळायला मला पुस्तकाचं अख्खं पहिलं प्रकरण लागलं होतं.

२२ जानेवारी

सुधीरला ताप. पोहेवाले दोघे फिरकले नाहीत. एकट्या चंद्रभागेला शिकवलं. खरं तर एवढ्यासाठी फळा लागत नव्हता, आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसूनच बोललो. तिला कोथिंबीर निवडता निवडता 'प्रत्येक', 'काही' आणि 'एकही नाही' यांचे अर्थ समजले. 'प्रत्येक होडीला एक नाखवा असतो' हे वाक्य मी दिलं, तर म्हणाली, एकच नाखवा सगळ्या होड्यांना मिळून असेल तरी हे वाक्य खरं ठरेल, फक्त त्या बिचाऱ्याचे हाल होतील. आणि स्वतःच हसली. हसताना तोंडावर हात धरते.

ती गेल्यावर वाटलं, हे सगळं कशासाठी? दोन माणसांसाठी वर्ग चालवणं म्हणजे निव्वळ हौस. प्रिन्सिपॉल म्हणतात ते खरंही असेल. पण संध्याकाळी पुढच्या रविवारचं वाचायला बसले ते भाऊंचं जेवण वाढायचं विसरले.

१२ फेब्रुवारी

आज नावांचा धडा. नाव म्हणजे त्या माणसाकडे दाखवलेलं बोट, एवढाच त्याचा अर्थ, असं मी ठासून सांगत होते. चंद्रभागा म्हणाली, माझ्या आईचं काय? तिची आई आवडाबाई. कोळीवाड्यातल्या जुन्या बायकांसारखीच तीही नवऱ्याचं नाव घेत नाही. चंद्रभागेच्या वडिलांचं नाव परशुराम. त्यामुळे आवडाबाई देवालासुद्धा परशुराम म्हणत नाहीत, 'तो कुऱ्हाडवाला देव' म्हणतात. आता नाव म्हणजे नुसतं बोट असेल, तर देवाकडे बोट दाखवायला तिची काय हरकत? ते बोट काही नवऱ्याकडे जात नाही.

मी म्हटलं, अगं, हा उच्चाराचा प्रश्न झाला, अर्थाचा नव्हे. तर म्हणते, मग अर्थ कुठे संपतो आणि उच्चार कुठे सुरू होतो याची रेघ कोण मारणार? सुधीरने टाळी वाजवली. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. तास संपल्यावर मी ते वाक्य पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलं. त्या समासात माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाचं वाक्य नव्हतं.

५ मार्च

चंद्रभागेने पेपरातलं कात्रण आणलं होतं. हैदराबादला भाषाविज्ञानात संशोधनासाठी विद्यावेतन देणार आहेत, राहायची सोय, जूनमध्ये रुजू व्हायचं. अर्थविचारावर काम करणारे लोक तिथे आहेत. कात्रणाच्या घड्या तिने टेबलावर हाताने सपाट केल्या.

मी तिला नीट समजावलं. तुझी बुद्धी चांगली आहे, पण पाया अजून कच्चा आहे. संचांचं गणित झालेलं नाही. तिथे जाऊन अडखळण्यापेक्षा एक वर्ष थांब, मी तुझी तयारी करून घेते, मग बघू. ती हो म्हणाली. लगेच नव्हे, थोड्या वेळाने. अर्ज मात्र पाठवून देते, अनुभव म्हणून, असंही म्हणाली. मी म्हटलं, पाठव की.

गुरूचं काम फक्त पुढे ढकलणं नसतं, वेळ ओळखणंही असतं. मला वाटतं मी आज योग्य तेच केलं. भाऊ आतून म्हणाले, "ती पोरगी गेली तर रविवारी पोहे कुणासाठी करशील?" म्हाताऱ्यांना खाण्यापलीकडे काही सुचत नाही.

२२ मार्च

काल होळीला चेंदणीला गेले होते, चंद्रभागेच्या घरी जेवायला. कोळीवाड्यातला शिमगा मी पहिल्यांदाच पाहिला. बायका हिरव्या साड्या नेसून फेर धरून नाचत होत्या. मी कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसले तर आवडाबाईंनी हाताला धरून उठवलं. नाचले म्हणण्यासारखं काही नाही, हलले.

तिथे एक नवी गोष्ट कळली. चंद्रभागेचं लग्न जवळजवळ ठरलेलं आहे. तिची आत्या मनूबाई शहाडला असते. तिचा मुलगा धाकू, खाडीतून रेती काढणाऱ्या होड्यांवर काम करतो. शब्द दिलाय, वैशाखात बार. धाकूही आला होता. दिसायला आडदांड, बोलायला लाजरा, मला सारखा 'बसा ना मॅडम' म्हणत होता. त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. मनूबाईंचा दरारा मात्र जबर. विधवा बाई, एकटीने तीन पोरं वाढवली. परशुरामांना त्यांनीच लहानाचं मोठं केलं म्हणे. बहीण बोलते तेव्हा हे पन्नाशीचे गृहस्थ मान खाली घालतात.

परशुराम वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत स्टोअर्स सुपरवायझर आहेत. मितभाषी. ओट्यावर बसल्यावर मला म्हणाले, तुम्ही आमच्या पोरीला शिकवता तरी काय? मी 'आणि' या शब्दाचा अर्थ सांगितला, गेल्याच रविवारी तो झाला होता. समजा, मी म्हटलं, होडीला डांबर लावलं आणि जाळं शिवलं. तुम्ही म्हणालात, खोटं. तर दोन्ही कामं राहिली असं ठरत नाही. एखादं झालंही असेल. दोन्ही मिळून झालेली नाहीत, इतकंच ठरतं. ते म्हणाले, "म्हणजे नाय बोलला तरी वाट उरते." मी म्हटलं, एक नाही, तीन उरतात.

जेवताना त्यांनी ते 'आणि'चं पुन्हा विचारलं. मी रिक्षात बसले तेव्हा तिसऱ्यांदा. पाहुण्यांशी काय बोलावं ते सुचलं नाही की माणसं असंच करतात. भला माणूस.

९ एप्रिल

चंद्रभागेची निवड झाली. मुंबईत मुलाखत झाली, तिने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी शुभेच्छाही दिल्या होत्या, पण होईल असं धरलं नव्हतं. पहिल्या तिघांत आहे. महिन्याभरात होकार कळवायचा. मला खूप अभिमान वाटला आणि मी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. नंतर उगाचच डोकं दुखलं, उन्हामुळे असेल.

धडा आज जर-तरच्या वाक्यांचा होता. हे सगळ्यांत सुंदर प्रकरण. जे घडलं नाही त्याबद्दलही आपण खरं-खोटं बोलू शकतो. त्यासाठी या जगासारखीच, पण थोडी वेगळी अशी जगं कल्पायची आणि तिथे काय घडतं ते बघायचं. मी उदाहरण मागितलं. चंद्रभागा म्हणाली, "मी मुलगा असते, तर बाबांनी देवीला विचारलंच नसतं."

वा. काय नेमकं उदाहरण. एकच गोष्ट बदललेली, बाकी जग जसंच्या तसं. मी लगेच फळ्यावर लिहिलं आणि त्यावर चांगला अर्धा तास बोलले. सुधीर उगाच खाली मान घालून बसला होता.

मग तिला विचारलं, देवीला विचारायचं म्हणजे काय? तर घरच्यांनी ठरवलंय की तिच्या जाण्याचा कौल लावायचा. गावदेवीच्या अंगावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक फुलाची कळी पाण्याने चिकटवतात. मग प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एम.ए. झालेल्या मुलीचं भवितव्य एक कळी ठरवणार. मला इतका संताप आला की पोहे करपले.

१६ एप्रिल

वर्ग रद्द करून कौलाला गेले. न जाऊन चाललं असतं, पण घरी बसवेना.

देऊळ लहानसं, खाडीकडे तोंड करून. सगळी भावकी जमली होती. मनूबाई पुढे, त्यांच्या मागे धाकू. चंद्रभागा आईजवळ बसली होती, चेहरा कोरा. भगत भिवाजी म्हणून एक वयस्क गृहस्थ आहेत, त्यांनी कळ्या लावल्या. त्यांच्यात याचे नियम कडक आहेत. प्रश्न घरच्या कर्त्याने एकदाच, मोठ्याने, सगळ्यांसमोर विचारायचा. विचारून झाल्यावर त्यात शब्द घालायचा नाही, काढायचा नाही. आणि तोच प्रश्न वर्ष उलटेपर्यंत परत घालायचा नाही.

परशुराम उभे राहिले. इतका कमी बोलणारा माणूस, पण प्रश्न विचारला तो मालगाडीएवढा. "आये, मनूबायच्या घरला दिलेला शब्द मोडायचा आन् पोरीला हैदराबादेला धाडायची, ही दोनी कामं करू का?" बिचारे घाबरून गेले असणार, दोन प्रश्न एकातच जोडून टाकले. मनूबाईंनी 'शब्द मोडायचा' ऐकलं तेव्हा पदर डोळ्यांना लावला. भिवाजींनीही एकदा परशुरामांकडे वळून बघितलं, पण नियम तो नियम.

बराच वेळ काही झालं नाही. मग डावी कळी पडली.

लोक पाया पडून उठले. सगळ्यांच्या मते मिटलं, पोरगी जात नाही. चंद्रभागेने कळी उचलून देवीच्या पायाशी ठेवली आणि माझ्याकडे न बघता घरी गेली. मला इतकं वाईट वाटलं. अशी मुलगी, आणि असा हा अंधार. कॉलेजात उद्या यावर तावातावाने बोलणार आहे मी.

घरी येऊन मात्र सपाटून भूक लागली होती. दोनदा भात घेतला आणि भाऊंशी पत्तेही खेळले. दिवसभराचा शीण, दुसरं काय.

२३ एप्रिल

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

वाटलं होतं चंद्रभागा यायची नाही. ती सुधीरच्याही आधी आली. म्हणाली, मॅडम, आज फळा मला द्या. आणि तिने चार ओळींचं कोष्टक काढलं. पहिल्या ओळीत शब्द मोडला आणि हैदराबादला गेले. दुसऱ्या ओळीत शब्द मोडला, पण गेले नाही. तिसरीत शब्द मोडला नाही आणि गेले. चौथीत दोन्ही नाही. मग म्हणाली, बाबांनी विचारलं ते पहिल्या ओळीबद्दल. 'ही दोन्ही कामं करू का?' देवी नाही म्हणाली. म्हणून ही ओळ खोडायची. तिने पहिली ओळ डस्टरने पुसली. खाली तीन ओळी तशाच राहिल्या.

सुधीर खुर्चीत पुढे सरकला. म्हणाला, म्हणजे शब्द न मोडता गेलीस तर? "त्याबद्दल देवी काहीच बोललेली नाही," चंद्रभागा म्हणाली. "तिला ते कुणी विचारलंच नाही."

मी म्हटलं, अगं, देवीचा आणि या कोष्टकाचा काय संबंध? तू यावर विश्वास ठेवतेस तरी का? त्यावर तिने जे उत्तर दिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "मॅडम, उत्तर देवीचं आहे. त्याला मी हात लावत नाही. पण प्रश्नाचा अर्थ तर आपलाच आहे ना?"

पंधरा वर्षं मी ही कोष्टकं शिकवतेय. परीक्षेत मार्क मिळवण्यापलीकडे ती कुणाच्या कामी आलेली मी पाहिली नव्हती. आणि ही पोर त्या कोष्टकातून स्वतःसाठी दार उघडत होती, तेही कुणाचा देव न मोडता. मी आठवडाभर 'अंधार, अंधार' म्हणून कंठशोष करत फिरले, आणि तिने शांतपणे बसून अर्थ लावला. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. लपवलं नाही.

तरी निघताना तिला सांगितलं, घरचं जमलं तरी घाई करू नकोस. संचांचं गणित राहिलंय, पाया पक्का हवा. ती म्हणाली, हो मॅडम.

३० एप्रिल

चंद्रभागेने घरी सांगितलं. भावकी पुन्हा जमली. भिवाजी भगतांनी बराच विचार केला म्हणे, आणि म्हणाले, "इचारला तेवराच देवी सांगते. न इचारल्याचा नाय सांगत." म्हणजे मान्य. मला या माणसाला भेटायला हवं.

आवडाबाई रडल्या. परशुराम मात्र मुळीच चकित झाले नाहीत, चंद्रभागा सगळं समजावत होती तेव्हा हातावर तंबाखू मळत बसले होते, आणि तिचं संपल्यावर नुसते 'हां' म्हणाले. बहुतेक त्यांना नीट कळलं नसावं. कोष्टकाशिवाय अवघडच आहे ते.

खरा प्रश्न मनूबाईंचा होता. शब्द मोडायचा नाही म्हणजे धाकूने थांबायचं. किती? दोन वर्षं तरी. सगळे त्यांच्याकडे बघत होते. चंद्रभागा सांगत होती की आत्या कितीतरी वेळ बांगड्या मागेपुढे करत बसली. मग भावाकडे एकदा रोखून बघितलं आणि म्हणाली, "दोन वर्सां थांबू. मंग मीच इचारीन तिला, तुझा मन हाय का नाय. देवीला नाय इचारनार."

सगळे म्हणतात मनूबाई कडक आहेत. कडक माणसंच असं बोलू शकतात. धाकूने तिला विचारलं म्हणे, हैदराबादेला मासे कुठले मिळतात?

७ मे

चंद्रभागा आली ती सांगायला की यंदा जात नाही.

मी विचारलं, आता काय झालं? घरचे फिरले? नाही म्हणाली. मीच ठरवलं. तुम्ही म्हणता तसा पाया कच्चा असेल, तर तिथे जाऊन नाव घालवण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी परत अर्ज करीन. विद्यावेतन परत मिळेलच असं नाही, पण तुम्ही तयारी करून घेणार आहात ना. घरच्यांना पटत नव्हतं, पण तुमचा शब्द म्हटल्यावर गप्प बसले.

मी म्हटलं, विचार करून ठरवलंयस ना? ती म्हणाली, तुम्ही ठरवलंय मॅडम, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि वही काढून बसली.

खरं तर मी खूश व्हायला हवं. झालेही. वर्षभराचा अभ्यासक्रमही आखून टाकला, रविवारसोबत बुधवारचीही वेळ ठरवली. पण शिकवताना दोनदा चुकले, आणि दोन्ही चुका तिनेच फळ्यापाशी येऊन दुरुस्त केल्या. त्यातली एक संचांच्या गणितातली होती. ती न शिकवता कुठून शिकली? विचारलं तर म्हणाली, तुमच्या झेरॉक्सची शेवटची प्रकरणं मार्चमध्येच वाचली.

भाऊंनी आज पोह्यांना हात लावला नाही.

१४ मे

आज वर्ग ठेवला नव्हता. दुपारी परशुराम आले. एकटेच, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात सुक्या बोंबलांचा पुडा. होकार कळवायची मुदत उद्या संपतेय. चंद्रभागेला सांगून आले नव्हते.

मी चहा ठेवला. ते खुर्चीच्या टोकावर बसले, फळ्याकडे बघत. फळ्यावर गेल्या रविवारचं तिचं अक्षर होतं. घरात सुधीर नव्हता, भाऊ आत पडले होते, बोलायला कुणी आड नव्हतं. मी त्यांना म्हणू लागले की असं बघा, विषय कठीण आहे, परका गाव आहे, एक वर्ष म्हणजे काही फार नाही. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"बाय, मी साधा इचारतो. माजी पोर तयार हाय का नाय? तेवराच सांगा."

मी संचांचं गणित म्हणणार होते, पाया म्हणणार होते. सगळी वाक्यं तोंडाशी तयार होती. गेले चार महिने मी दर रविवारी त्या दोघांना हेच सांगत आलेय, की वाक्य कळणं म्हणजे जग कसं असलं तर ते खरं ते कळणं. आणि समोर जग होतं. तिचं अक्षर फळ्यावर होतं.

"आहे," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून आहे."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "मंग तिला थांब असा का सांगितला?"

याचंही उत्तर मला ठाऊक होतं. कधीपासून ठाऊक होतं ते माहीत नाही.

"कारण मला ती इथे हवी होती."

परशुराम फळ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"ती मना पन इथं पायजे ना, बाय," ते म्हणाले.

मग आम्ही दोघं गार झालेला चहा प्यायलो. उठताना म्हणाले, होकाराची तार कुठून करायची? मी चप्पल घातली, भाऊंना आवाज दिला आणि त्यांच्याबरोबर तार ऑफिसात गेले.